शेवंताकाकूंच्या नावाची पिशवी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय खरा, पण कान शेजारच्या घराकडे आहे. का, ते पुढे कळेलच.

ते घर शेवंताकाकूंचं. त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून. चाकणच्या या पट्ट्यात भोवतीच्या जमिनी कंपन्यांना गेल्या, आमची दोन शेतं तेवढी मधे राहिली. भाजीवर औषध मारायचं नाही, ही काकूंची जुनी रीत. सेंद्रिय शेतीच्या अनुदानासाठी गट निघाला, तेव्हा मी त्यांच्याच जिवावर गटप्रमुख झालो. तपासणीत पास होईल त्याला गांडूळखताची शेड मिळणार होती. काकूंनी लगेच शेण साठवायला घेतलं. आणि मी? मी बांधावर फलक लावला — विषमुक्त शेती. वांग्यात अळी पडली की मात्र गुपचूप फवारा मारायचो. निगडीच्या सोसायट्यांत किडकं वांगं कोण घेतं हो?

मग राजगुरुनगरहून तपासणीचे साहेब आले. शेतातला चिखल बघून आमच्या ओसरीवरच टेकले. "दोघांच्या शेतातली वांगी तुम्हीच खुडून आणा," म्हणाले, आणि चहा घेतला. मी खुडली. दोन पिशव्या, दोन नावांच्या चिठ्ठ्या. बांधावर थांबलो. माझी वांगी मला ठाऊक होती ना! आणि चिठ्ठ्या बांधताना मी...

किती आढेवेढे घेतोय बघा. मी चिठ्ठ्या बदलल्या. माझ्या वांग्यांना काकूंचं नाव लावलं, त्यांच्या वांग्यांना माझं.

प्रयोगशाळेत काकूंच्या नावाच्या पिशवीत विष निघालं. त्या गटातून बाहेर गेल्या. मला शेड मिळाली. हल्ली तिच्यात माझी गाडी उभी असते.

मला वाटलं, काकू भांडतील, पुन्हा तपासा म्हणतील. पण त्या बांधावर उकिडव्या बसून राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या पान्यातच खोट असंल रं दत्तू. कंपनीचा नाला हाय की शेजारी. आन् मी येडी, लोकास्नी खाऊ घालत हुते." मग उभी वांगी स्वतःच्या हातानं उपटली. मी बघत होतो. मला सुटल्यासारखं वाटलं — हो, सुटल्यासारखंच.

तेव्हापासून चोराच्या मनात चांदणं. साहेबांचा फोन आला तरी बाहेर अंगणात जाऊन घेतो. पण आताची भीती निराळीच आहे.

काकूंची सून आठव्या महिन्यात आहे. स्वतःच्या शेतातलं काही काकू तिच्या तोंडाला लागू देत नाहीत. परवा सकाळी टोपली घेऊन आल्या. "पोरीला भरीत खावंसं वाटतंय. तुझी तपासलेली हायती, तीच दे बाबा."

आदल्याच संध्याकाळी मी फवारा मारला होता.

संपली म्हणावं, तर झाडं लगडलेली समोर दिसत होती. बायको शेजारीच उभी. काय सांगणार होतो मी? एकच गोष्ट सांगण्यासारखी होती.

मी चांगली तुकतुकीत, एकही भोक नसलेली वांगी निवडून काकूंची टोपली भरली.