तांड्याकडची परवानगी

कचरा डेपोच्या गेटवर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गेट म्हणजे एक आडवा लोखंडी पाइप. तो जड आहे. मी उठून दोरी ओढेपर्यंत प्रत्येक गाडीला थांबावं लागतं, आणि थांबलेला माणूस गप्प बसत नाही. बाभुळगावकडून आलेला तिकडचं सांगतो, राळेगावकडून आलेला तिकडचं. मी शाळेत फार गेलो नाही, पण ऐकायला शाळा लागत नाही.

यातले माझे आवडते किस्से एकाच गोष्टीभोवतीचे आहेत, ती आधी सांगतो. डेपो नगरपरिषदेचा. जुनी जागा भरत आली, म्हणून मागच्या पडीत जमिनीवर कचरा टाकायची नवी परवानगी त्यांनी मागितली. त्या जमिनीला लागून नाला, नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा, आणि तांड्याची विहीर नाल्याच्या काठावर. परवानगी मिळाली की कचरा विहिरीपाशी येणार. ती द्यायची की नाही हे बघायला जिल्ह्याहून एक साहेब यायचे. तरुण, शांत, गाडीची काच खाली करून मला नमस्कार करणारे.

माझा पगार नगरपरिषदेचा आणि पिण्याचं पाणी त्या विहिरीचं. त्यामुळे मी दोन्हीकडे कमीच बोलतो.

*

परवानगीतली एक अट कुंपणाची. तारेचं कुंपण झालंही, पण फक्त रस्त्याच्या बाजूनं. साहेब रस्त्यानंच येतात, असा कोणाचा तरी हिशेब असावा.

गुरं मात्र मागून आत शिरतात. दिवसभर कोबीची पानं खातात, आणि घरची वाट गेटवरून जाते म्हणून संध्याकाळी गेटपाशी येऊन उभी राहतात. मी पाइप वर करतो. शिस्तीची आहेत बिचारी.

एकदा साहेब समोर उभे असतानाच गाई रांगेनं बाहेर पडल्या.

"बाबा, कुंपण असताना ही गुरं आत आली कशी?"

"ते मले नाही माहीत साहेब," मी म्हणालो. "माह्याकडं फक्त बाहेर सोडाचं काम हाय."

*

दुसरी अट झाडांची. डेपोच्या भोवती हिरवा पट्टा पाहिजे.

तपासणीच्या आदल्या दिवशी शब्बीर घंटागाडीतून निंबाची रोपं घेऊन आला. शब्बीर आमचा ड्रायव्हर, तोंडाचा चुरचुरीत. रोपं काळ्या पिशव्यांसकट खड्ड्यात ठेवली, वरून माती लोटली, पाणी मारलं. साहेबांनी बघितली, बरं वाटलं त्यांना. दुसऱ्या दिवशी शब्बीर ती उपटून परत गाडीत भरू लागला, कारण पुढची तपासणी दुसऱ्या ठिकाणी होती.

तेवढ्यात तांड्यावरची रूपलीबाई शेळ्या घेऊन आली. तांड्यात तिच्याहून मोठं कोणी नाही. डोक्यावर ओढणी, हातात काठी, आणि तोंडात मोजकेच दात.

"काहून रे शब्बीर, झाडं कुठं चालले?"

"ड्यूटीवर, मावशी. आठवडाभर यवतमाळ, मंग इकडं परत."

"अन् सावली?"

"ते परमनंट झाल्यावर."

एक रोप त्या दिवशी परत गेलं नाही. ते रूपलीबाईच्या दारात आता छातीएवढं झालं आहे. मी गेटवर होतो, मला काही दिसलं नाही.

*

मग तांडा ज्या ग्रामपंचायतीत येतो, त्या शेजारच्या गावानं वासाची तक्रार केली. सरपंच निर्मलाताई स्वतः जिल्ह्याला जाऊन आल्या. साहेबांनी तारीख दिली, प्रत्यक्ष येऊन बघतो म्हणाले.

साहेब येणार म्हटल्यावर गाव सकाळपासून कामाला लागलं. गल्ल्या झाडल्या, अंगणं सारवली, सडे टाकले, रांगोळ्या काढल्या. घराघरांत ऊद जाळला. निर्मलाताईंनी सुंठ-वेलचीचा चहा उकळत ठेवला. साहेब सगळं गाव फिरले, दोनदा थांबून श्वास घेतला, आणि म्हणाले, "ताई, वास तर फार छान येतोय."

"येईन नाही तं काय," निर्मलाताई खुशीत म्हणाल्या. "पहाटपासून लागलो ना आम्ही."

साहेबांची गाडी गेली तेव्हा शब्बीर म्हणाला, "ताई, तक्रारही तुमचीच, अन् ते खोटी बी तुम्हीच पाडली."

रूपलीबाई तर पेटलीच. तिची विहीर जायची होती. "निर्मले, आज गल्ल्या झाडाले कोनं सांगतलं होतं तुले?"

"मंग पाव्हण्याले काय घाणीत बसवू, बाई?"

 

*

नंतर अंतराची मोजणी निघाली. वस्तीच्या शेवटच्या घरापासून डेपो अमुक इतका लांब पाहिजे, असा नियम. टेप लावली तर तांड्याचं शेवटचं घर नियमाच्या थोडंसं पलीकडं भरलं. म्हणजे परवानगीला मोकळीक.

साहेब पुन्हा मोजायला आले तेव्हा नाल्याच्या काठावर रूपलीबाईच्या मुलाचं, गेमसिंगचं, नवं घर उभं होतं. म्हणजे एक बाज, तीन दगडांची चूल, आणि शेणानं सारवलेली स्वच्छ जमीन. भिंती नाहीत, छत नाही.

ऊन होतं. गेमसिंगनं चहा केला. साहेब बाजेवर बसून प्याले, आणि समजुतीनं म्हणाले, "गेमसिंगभाऊ, याला घर म्हणता येणार नाही. ही उघडी जागा आहे."

"हो साहेब?" गेमसिंग म्हणाला. "मंग तुम्ही जोडे काहून काढले?"

साहेबांनी खाली बघितलं. त्यांचे बूट सारवलेल्या जमिनीच्या बाहेर, शेजारी शेजारी, नीट ठेवलेले होते.

*

शेवटी गावाचं म्हणणं ऐकायची बैठक ठरली. तांड्यावर, सकाळी. साहेब आले, नगरपरिषदेचे इंजिनिअर आले. बोलणी झाली. इंजिनिअर म्हणाले, विहिरीला काही होणार नाही, वासाचं आम्ही बघू. निर्मलाताई बोलल्या, गेमसिंग बोलला. बैठक संपली तेव्हा रूपलीबाई एवढंच म्हणाली, "जेवून जा."

पंगत बसली ती नाल्याकाठच्या चिंचेखाली, कारण सावली तिथंच. समोर डेपो. भाकरी, वरण, वांग्याची भाजी. आमच्याकडं रीत अशी की पंगतीतलं सगळ्यात मोठं माणूस उठल्याशिवाय बाकीच्यांनी उठायचं नाही. सगळ्यात मोठी रूपलीबाई.

दुपारी वारा फिरला. डेपोचा सगळा वास पंगतीवर आला, आणि वासामागून माशा. इंजिनिअरांनी चार घासांत ताट संपवलं आणि अर्धवट उठले.

"बसा इंजिनिअर साहेब," गेमसिंग त्यांचा हात धरून म्हणाला. "याडी जेवून राह्यली."

याडी म्हणजे आई. ती भाकरीचा एकेक तुकडा वरणात कुसकरत होती, भिजू देत होती, मग तोंडात घोळवत होती. मधेच थांबून बोरी अरब गावाला दिलेल्या लेकीचं सांगत होती. इंजिनिअरांनी रुमाल नाकाला लावला. वासानं साहेबांचे डोळे पाणावले होते, पण ते मांडी मोडून उठले नाहीत.

इंजिनिअर त्यांच्या कानाशी वाकले. "सर, बाकीचं गाडीत बसून ठरवू."

"आजींचं होऊ द्या," साहेब म्हणाले. मग एका हातानं माशा वारत त्यांनी रूपलीबाईला विचारलं, "आजी, तुम्ही रोजच इतकं सावकाश जेवता?"

"नाही बाप्पा," रूपलीबाई म्हणाली. "रोज तं आम्ही कसंबी गिळतो अन् घरात पळतो. आज पाव्हणे हायेत." आणि तिनं ताट पुढं केलं. "निर्मले, वरण वाढ वो. साहेबालेबी वाढ."