गाठीची कड

माझी वहिनी मनाने वाईट नाही, पण तिच्या हाताशी जड वस्तू असू नये. एकदा तिने एका सर्जनच्या अंगावर पेपरवेट भिरकावला होता. त्याने अख्ख्या गाठीऐवजी नखाएवढा तुकडा पाठवला, एवढाच त्याचा गुन्हा. नेम चुकला आणि काचेचं कपाट फुटलं. माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, घरात चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवतो.

कातडीतल्या आणि केसांच्या मुळांशी उठणाऱ्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आणि ही गाठ माणसाला मारणार की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. मी तिच्या हाताखाली. गाठ कापून मेणात बसवते, तिचे पापुद्रे काढते, रंगवते आणि काचेवर घालून तिच्यापुढे ठेवते. पेशंट सहसा आमच्याकडे फिरकत नाहीत. असाही कुणी डॉक्टर असतो हेच त्यांच्या गावी नसतं.

तिच्या रागाला कारण आहे. तिच्या वडिलांचं नाक असाच एक तुकडा बघून कॅन्सर म्हणून कापलं गेलं आणि मग कळलं की कॅन्सर नव्हताच. त्या माणसाने घरातले आरसे फोडले. आरसे संपले तेव्हा बायकोला मारायला लागला, आणि मध्ये पडणाऱ्या पोरीलाही. वहिनीच्या डाव्या भुवईत त्याची खूण आहे. ही खूण वहिनी कधी झाकत नाही.

गॅरेजवाल्या दोन भावांची गोष्ट सांगते. चाकाचा नट ढिला राहिला म्हणून थोरल्याने धाकट्याच्या डोक्यात पाना घातला. रक्ताने इंजिन माखलं. जखम भरेना. त्या जागी गाठ फुगली, फुटली, घाण वाहू लागली. सर्जनने पुन्हा तुकडाच पाठवला. वहिनीने दातओठ खात लिहिलं, ‘कॅन्सरसारखं दिसतं, पण कड बघितल्याशिवाय सांगता येत नाही. अख्खी गाठ काढून पाठवा.’

घरच्यांनी पहिला शब्द वाचला. पुढचं वाचण्याइतका धीर कुणाला असतो? बापाने थोरल्याला गॅरेजमध्येच साखळीने फोडून काढला. आई त्याच्या पानात वाढेना. एकटा धाकटा म्हणत राहिला, “जाऊ द्या. मी माफ केलंय त्याला. मेल्यावर भांडण कशाला मागे ठेवू?” ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. वॉर्डातून कानावर आलं तेव्हा माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

अखेर अख्खी गाठ आली. कॅन्सर निघाला तर सर्जन कवटीचं हाडही कापणार होता आणि त्यातून धाकटा उठेल याची खात्री कुणालाच नव्हती. मी काचा तयार केल्या त्या सकाळी चौघंही आमच्या दारापुढच्या बाकावर येऊन बसले, धाकटा डोक्याला बँडेज बांधून. वहिनीने डोळे सूक्ष्मदर्शकाला लावले आणि बाहेर धाडकन आवाज झाला. बापाने थोरल्याचं डोकं आमच्या भिंतीवर आपटलं होतं. पुन्हा एकदा आपटलं. काचेखालचं चित्र थरथरलं.

वहिनी उठली. मी म्हटलं, “अगं, नको.” तोवर तिने त्या धिप्पाड बापाची कॉलर धरून त्याला दारावर दाबला होता.

“मारामारी करायची तर माझ्याशी करा,” ती ओरडली. “भिंत हलली की मला दिसत नाही. आणि मला दिसलं नाही तर तुमचा धाकटा फुकट मरेल. कळलं?”

त्याने मान हलवली. थोरला जमिनीवर बसून नाकाचं रक्त शर्टाला पुसत होता.

ती परत येऊन बसली. मी त्याच सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या दुसऱ्या भिंगातून बघत होते. मधल्या पेशी माजलेल्या, वेड्यावाकड्या, कुणालाही कॅन्सर वाटाव्या अशा. वहिनी काच सरकवत कडेला गेली, सगळ्या कडेने फिरली, मग दुसरी काच, तिसरी. कॅन्सर आजूबाजूच्या मांसात घुसतो. ही गाठ कुठेच घुसली नव्हती. तिची कड भांड्याच्या बुडासारखी गोल होती.

“केसाच्या मुळाची गाठ,” वहिनी म्हणाली. “साधी. जुनी असणार. पान्याने फक्त फुटली आणि चिघळली. म्हणून मधे एवढा गोंधळ.” वडिलांच्या वेळी ही कड बघायला कुणी थांबलं असतं तर, हे आम्हा दोघींच्या मनात आलं.

ती बाहेर गेली. “कॅन्सर नाही. गाठ पूर्ण निघाली आहे. आता काही कापायचं नाही.”

आई थोरल्याजवळ खाली बसली. बाप भिंतीकडे तोंड करून रडू लागला. धाकट्याने थोरल्यासमोर जाऊन जीव खाऊन त्याच्या जबड्यावर एक ठेवून दिली. थोरला आडवा झाला.

“मरत होतो म्हणून सोडलं होतं तुला,” धाकटा हुंदके देत म्हणाला आणि त्याने पुन्हा मारलं. “पाना घातलास माझ्या डोक्यात! पाना!”

बाप सोडवायला धावला, तर वहिनीने त्याला हाताने अडवलं. “मारू द्या त्याला.”

थोरल्याने हात वर केले नाहीत. दात रक्ताने लाल झाले होते आणि तो हसत होता, “मार रे, अजून मार.”

“टाके उसवतील धाकट्याचे,” वहिनी मला म्हणाली. “जा, कापूस आण.”