उजवीकडे वळायला शिकवणाऱ्या बाई

माझा असल्या गूढ गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. हे वाक्य या सदरात प्रत्येक जण लिहितो, ठाऊक आहे मला. आजवर ते वाचून मीच नाक मुरडत आले. पण माझं कामच तसं आहे हो. चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. पार्ट बिघडला की 'का?' विचारायचं, उत्तर आलं की परत 'का?', आणि रूट कॉज सापडेपर्यंत समोरच्याचा पिच्छा सोडायचा नाही. घरीही मी हेच करते, असं माझी लेक सई म्हणते.

तर... गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. त्याच्या आदल्या पावसाळ्यात कात्रजच्या घाटात एका उजव्या वळणावर मी गाडीसकट घसरले. खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. गाडीचं हँडल वाकलं, तेही सरळ झालं. पण त्यानंतर मला उजवीकडे वळता येईना! हसू नका. डावीकडे मस्त वळायची, पण उजवं वळण आलं की हात दगड व्हायचे आणि गाडी सरळच जायची. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीचं गेट रस्त्याच्या उजव्या हाताला आहे. मी गेट सोडून पुढे जायची, डावीकडे वळायची, परत डावीकडे, परत डावीकडे, आणि मग सरळ रस्ता ओलांडून गेटात शिरायची. "आई, ही उलटी प्रदक्षिणा आहे, पाप लागेल," असं सई म्हणायची.

वरवर मीही हसत होते, पण आतून पार खचले होते. वयाच्या विसाव्या वर्षापासून मोटारसायकल चालवणारी बाई मी. शेवटी ठरवलं की बास, गाडी विकून टाकायची. लोणी काळभोरचे एक गृहस्थ रविवारी संध्याकाळी येऊन गाडी घेऊन जाणार होते. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं — सईलाही नाही. तिनं रडून गोंधळ घातला असता आणि मग मीही रडले असते.

आणि नेमकं त्याच रविवारी सईनं माझं नाव परस्पर घालून ठेवलेलं, मोटारसायकल रेसिंगच्या नवशिक्यांच्या शाळेत! एक दिवसाचं शिक्षण, खऱ्या ट्रॅकवर, आपापली गाडी घेऊन. म्हटलं जाऊ दे, गाडीला निरोप तरी नीट देऊ. सकाळी सई चालवत होती आणि मी मागे बसले होते. स्वतःच्या गाडीवर मागे बसण्याइतकं लाजिरवाणं दुसरं काही नसेल.

ट्रॅक वाघोलीच्या पुढे, नगर रोड सोडून आत. छोटासाच, वळणावळणांचा, आणि मध्ये कुठलीशी माती उपसून टाकलेला एक मोठा उंचवटा. तिथे भाड्यानं चामड्याचा सूट देतात. तो पुरुषांच्या मापाचा होता आणि माझं माप देवानं वेगळ्याच आराखड्यावरून काढलेलं. सई मागून चेन ओढत होती, मी पोट आत घेत होते, आणि शेजारी एक गृहस्थ नेमकी तीच लढाई एकट्यानं लढत होते.

"ताई, हा सूट घालणं हाच पहिला राउंड समजा," ते म्हणाले. हे शकीलभाई. नाना पेठेत सीट कव्हरचं दुकान, वय बावन्न, आणि आयुष्यात एकदा तरी वळणावर गुडघा जमिनीला टेकवायचा ही एकच इच्छा. "घरचे म्हणतात नमाजाला खाली बसताना गुडघे कुरकुरतात, आणि चाललेत रेस करायला."

शिकवणारे होते सेल्वन सर. कोइमतूरचे, शांत माणूस. त्यांनी प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये कानाजवळ एक छोटा सेट बसवला. ते मध्ये मचाणावर उभे राहून सूचना देणार आणि आम्ही चालवता चालवता ऐकणार. आम्हाला उलट बोलायची सोय नव्हती. "म्हणजे घरच्यासारखंच," शकीलभाई म्हणाले.

निघालो. पहिलं वळण डावं होतं, ते झकास गेलं. दुसरं उजवं. माझे हात दगड. मी दोन्ही पाय जमिनीला लावत, बदकासारखी फतक फतक करत कशीबशी पलीकडे गेले. मागचा एक जण हॉर्न वाजवायला गेला, पण ट्रॅकवर हॉर्न वाजवायला बंदी होती म्हणून वाचले.

तेवढ्यात कानात आवाज आला.

"बघतेस कुठे? टायरकडे बघून टायर वळणार आहे का?"

बाईचा आवाज. साठीच्या पुढचा, खणखणीत, एकेक अक्षर सुटं. शाळेत भूमिती शिकवणाऱ्या बाई असतात ना, अगदी तसा. मला वाटलं, सरांची कुणी मराठी मदतनीस असेल. बरं वाटलं, इंग्रजी सूचनांपेक्षा हे बरं. पुढचं उजवं वळण आलं.

"हनुवटी उजवीकडे कर. खांदा आपोआप येईल, त्याला वेगळं आमंत्रण नको."

मी हनुवटी वळवली. गाडी थोडी वळली... आणि मी घाबरून ब्रेक दाबला.

"श्वास घे अगं. फुकट आहे तो."

"अहो, पण मला जमत नाही!" मी हेल्मेटच्या आत ओरडले. उलट बोलायची सोय नाही हे विसरूनच गेले.

"ते दिसतंय. बोलू नकोस. बाहेर पडायचंय तिकडे बघ."

फेरीमागून फेरी हेच चाललं होतं. बाई टोचून बोलत होत्या, मी उत्तरं देत होते, आणि गाडी दर वेळी थोडी जास्त वळत होती! मध्येच त्या म्हणाल्या, "संध्याकाळी हिला त्या माणसाच्या हवाली करणार आहेस ना? मग निदान आज तरी नीट चालव. जाताना तिला वाईट आठवण नको."

हे तर मी सईलाही सांगितलं नव्हतं! पण त्याच क्षणी उजवं वळण समोर आलं होतं, त्यामुळे घाबरायलाही सवड नव्हती. मी पलीकडे पाहिलं, हनुवटी वळवली, श्वास सोडला — आणि गाडी अशी अलगद झुकली, अशी वळली की मला रडूच फुटलं. हेल्मेटमध्ये नाक पुसता येत नाही हे तेव्हा कळलं. पुढच्या फेरीत परत तेच, आणि त्याच्या पुढच्या फेरीतही. मी मोठमोठ्यानं हसत होते, वेड्यासारखी.

मग मातीच्या उंचवट्याकडे येत होते. तिथे वळण उंचवट्याच्या मागे जातं, पलीकडचं काहीच दिसत नाही.

"हात वर कर. हळू हो. तो तुझा सीट कव्हरवाला पलीकडे आडवा झालाय."

मी हात वर केला आणि वेग कमी केला. वळणापलीकडे पाहते तर शकीलभाईंची गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी आणि शकीलभाई कडेच्या गवतात बसून गुडघा निरखतायत. मी आधीच्या वेगानं आले असते तर सरळ त्यांच्या गाडीवर गेले असते. माझा हात पाहून मागचेही थांबले. धोक्याचा पिवळा झेंडा त्यानंतर हलला.

"टेकला!" शकीलभाई मला बघून ओरडले. "ताई, गुडघा टेकला! मग बाकीचा मीपण टेकलो, पण आधी गुडघा!" त्यांना खरचटलंही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत सेल्वन सर माझ्याकडे आले. "मॅडम, व्हेरी गुड. लेकिन आपको पहले कैसे पता चला? मैंने भी नहीं देखा था."

"सर, तुमच्या त्या बाईंनीच सांगितलं ना कानात."

"कौन बाई?"

मी सगळं सांगितलं. सरांनी माझं हेल्मेट उचललं, कानाजवळचा सेट काढला आणि बटण दाबून धरलं. दिवा लागला नाही. "मॅडम, युअर सेट इज डेड. मॉर्निंग से डेड है. चार्ज ही नहीं हुआ था. मैं बोलने आया, आप निकल गये थे. आपको तो मैं हाथ से इशारा कर रहा था."

त्यांच्या टीममध्ये बाई कुणी नव्हती, आणि मराठी बोलणारंही कुणी नव्हतं. शकीलभाई हातातली पोळी तशीच धरून म्हणाले, "ताई, तुम्ही पुढे जाताना मला दिसत होतं, मान डोलवताय, हातवारे करताय. मला वाटलं नवऱ्याशी फोनवर भांडताय."

माझ्यातली क्वालिटीवाली जागी झाली. आधी शंका घेतली की दुसऱ्या कुणाचा आवाज माझ्या सेटवर आला असेल, पण बंद सेटवर येणार कसा? मग म्हटलं, माझंच मन बोलत असेल. गाडी विकायची गोष्ट माझ्या मनाला ठाऊक होती, कबूल. पण उंचवट्यापलीकडचं माझ्या मनाला काय ठाऊक? आणि माझं मन माझ्याशी इतक्या शुद्ध मराठीत कधीच बोलत नाही. शेवटी ट्रॅकच्या मालकांना गाठून विचारलं, इथे पूर्वी कुणी बाई... म्हणजे काही झालं होतं का? ते चांगलेच भडकले. "अहो मॅडम, इथे आजवर कुणी मेलेलं नाही. ज्वारी होती आधी." खरं सांगू? माझी थोडी निराशाच झाली.

दुपारच्या फेऱ्यांसाठी सरांनी चालू सेट बसवून दिला; त्यात सर बोलले, बाई नाहीत. पण आता मी वळत होते. परत निघताना सेट सरांना दिला आणि सईला म्हटलं, "मागे बस." ती हेल्मेट चढवून मागे बसली.

बिबवेवाडीत शिरलो. ऊन अजून होतं. समोर आमचं गेट, उजव्या हाताला. समोरून बस, रिक्षा, चुकीच्या बाजूनं एक स्कूटरवाला — आपलं नेहमीचंच. इंडिकेटर दिला, बस जाऊ दिली, हनुवटी वळवली... आणि वळले! सरळ गेटात!

आणि कानात, अगदी स्पष्ट — "ठीक."

एवढंच. हेल्मेट माझंच होतं आणि त्यात आता सेट नव्हता.

"तू काही म्हणालीस?" मी सईला विचारलं.

"मी डोळे मिटून बसले होते," सई म्हणाली.

गेटाच्या आत लोणी काळभोरचे गृहस्थ पैशांचं पाकीट हातात घेऊन उभे होते. सई त्यांच्याकडे बघायला लागली, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा पडला. मी हेल्मेट काढलं आणि म्हटलं, "माफ करा हो, तुम्ही एवढ्या लांबून आलात... पण गाडी द्यायची नाही."

ते हसले. "राहू द्या की ताई. तुम्ही आत शिरलात तवाच वळखलं मी. ही काय आपल्याला मिळत न्हाय आता."

मी त्यांना चहाला वर बोलावलं. पुण्यात अनोळखी माणसाला आपणहून चहा, हाही त्या दिवसाचा एक चमत्कारच म्हणा. सई सगळ्या जिन्यात माझा हात धरून होती. वर पोचल्यावर तिनं कडकडून मिठी मारली आणि मग गाडी लपूनछपून विकायला काढल्याबद्दल अर्धा तास भांडली.

रूट कॉज अजून सापडलेला नाही. कारखान्यात असा रिपोर्ट दिला तर मला हाकलून देतील. वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मात्र 'उन्हाचा त्रास' असं लिहू नका, थंडी होती.

शकीलभाईंना बाईंबद्दल अजून उत्सुकता आहे. मध्यंतरी मी नवं सीट कव्हर बसवायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या परत काही बोलल्या का?" नाही बोलल्या. पण मी रोज संध्याकाळी त्याच गेटाशी उजवीकडे वळते आणि वळताना कान देऊन ऐकते. 'ठीक'वर समाधान मानणारी मी नाही. एकदा तरी 'छान' म्हणायला लावीन त्यांना.