बर्फमावशींचा रविवार

हिमस्खलन होऊ नये म्हणून मी फोन सायलेंटवर टाकला. एवढा थोरला डोंगर माझ्या रिंगटोनला घाबरेल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. बर्फमावशींचे सगळे कॉल त्यामुळे वाया गेले.

बर्फमावशी म्हणजे माझ्या बायकोची मावशी. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या, आणि नोकरी कोलोरॅडोत हिमस्खलनाचा अंदाज द्यायची. फोन उचलला की खणखणीत 'जयभीम', मग खरडपट्टी. वादळाआधी त्या फावडं घेऊन डोंगरावर जात, बर्फात खड्डा खणत आणि थर न्याहाळत. ही सवय इतकी मुरलेली, की वाढदिवसाचा केकही कापण्याआधी त्या कडेनं वाकून थर बघत. "खालचा थर कच्चा आहे," असा निकाल देत. यजमानीण पुढे वर्षभर अबोल.

मला मात्र मान होता. 'जावईबापू', 'तुम्ही'. आमच्या शॉमबर्गच्या घरून आम्ही दोघं त्यांच्या सुट्टीच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मोठं वादळ येणार होतं. मावशींनी ताटात रवा पसरला, वर कणकेची जाड पोळी ठेवली. "रवा म्हणजे जुना बर्फ. मोकळा, एकमेकाले धरत नाही. वर हा घट्ट थर. त्याच्यावर उद्याचं ओझं." त्यांनी ताट कलतं केलं. कणीक थेट माझ्या मांडीवर.

"पण आज तर लख्ख ऊन आहे," मी म्हणालो.

"डोंगर आभाळाकडे पाहून पडते काय, जावईबापू?"

मी पडलो पुण्याचा. वेधशाळेनं मुसळधार म्हटलं की आम्ही छत्री घरी ठेवतो. जेवून सगळे आडवे झाल्यावर मी डीपीसाठी फोटो काढायला घरामागच्या डोंगरावर निघालो.

उताराच्या मधोमध पायाखाली 'धप्प' झालं. आजूबाजूचा बर्फ एकदम खचला आणि माझ्या बुटापासून एक भेग सुरीनं ओढल्यासारखी लांब पळाली. मी जागच्या जागी थिजलो. तेवढ्यात माझ्या पाऊलखुणा धरून आलेल्या मावशी कडेच्या दाट झाडीतून ओरडल्या, "अबे, काय करून राहिला तिथं?"

मी तोंडावर बोट ठेवून त्यांना 'श्श्श' केलं.

मावशींनी कपाळावर हात मारला. मग दुप्पट आवाजात, "आवाजानं नाही कोसळत बे, वजनानं कोसळते! आन् ते तुह्याजवळ लय आहे! आला त्याच पावलांवर पाय ठेवून परत ये. हळू!"

आलो. झाडीत पोचताच त्यांनी माझी कॉलर धरली.  घर येईपर्यंत सोडली नाही.

वादळ ओसरल्यावर खिडकीतून पाहिलं, तर माझ्या पाऊलखुणांसकट तो अख्खा उतार खाली आला होता. पायथ्याची झाडं आडवी पडली होती.

गेल्या वर्षी मावशी रिटायर होऊन नागपूरला परतल्या. निघताना एअरपोर्टवर मी त्यांची बॅग त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "मावशी, तुम्ही माझा जीव वाचवलात."

मावशींनी बॅगेचा पट्टा आवळला. "जीव कसला, जावईबापू? मी माझा रविवार वाचवला. तुम्हाले उकरून काढायलेही मलेच बोलावलं असतं."