अक्काची अरुंधती शोधताना: ओतूर ते आहुपे

फाल्गुन अमावास्या तोंडावर आली होती आणि मी नेहमीप्रमाणे आभाळ बघायला कुठं जावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात वैशालीचा फोन आला. वैशाली ही माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, नात. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे.

"आबा, आजीला कुठूनतरी अरुंधती दाखवा. नाहीतर ऐन परीक्षेत माझं लग्न लावतील."

मंडळी, सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा म्हणजे वसिष्ठ. त्याला अगदी खेटून एक बारीक ठिपका असतो, ती अरुंधती. जुन्या माणसांत एक समजूत आहे, ज्याला ती दिसेनाशी होते त्याचे सहा महिने उरले. ओतूरला राहणारी आमची अक्का पहाटे अंगण झाडताना रोज तिला बघायची. यंदा दिवाळीपासून ती दिसेना. अक्का काही रडत बसणारी बाई नाही. तिनं शांतपणे आवराआवर सुरू केली. इरकली लुगडी सुनेला देऊन टाकली, आणि अक्षयतृतीयेच्या आत नातीच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या बघायच्या असं घरात सांगून टाकलं. मुलगा चांगला होता, वैशालीलाही पसंत होता. पण तारीख धरली होती ती ऐन परीक्षेतली. वर्ष गेलं की गेलं, पुढं सासरहून कोण पाठवतंय परीक्षेला?

मी आयुष्यभर सायकलचं दुकान चालवलं. आभाळ शिकलो ते जुन्या बाजारात मिळालेल्या दुर्बिणीवर आणि वाचनालयातल्या पुस्तकांवर. बायको म्हणाली, "आता तरी त्या वेडाचा कुणाला उपयोग होऊ द्या." मी पिशवी भरली आणि पुण्यात शिवाजीनगरहून एसटी धरली.

नाशिक रस्त्यानं जाणाऱ्यांना सांगतो, मंचरला वेळ धरून चला. कांद्या-बटाट्याच्या ट्रकांनी रस्ता असा तुंबतो की कंडक्टरसुद्धा खाली उतरून चहा पिऊन येतो. नारायणगावला उतरलो, तिथून ओतूरची गाडी मिळाली. पोचेपर्यंत दिवस कलला होता.

जेवण झाल्यावर अक्का मला गच्चीवर घेऊन गेली. "बघ बाबा. तूच बघ."

वर बघण्याआधी मी खाली बघितलं. चौकात नवा उंच दिव्यांचा खांब उभा राहिलेला. त्यापलीकडे उसाच्या फडांतून जागोजाग बल्ब जळत होते. या भागात बिबट्याचा वावर वाढल्यापासून मळ्यातलं एकही घर रात्री अंधारात राहत नाही, आणि ते बरोबरच आहे. ज्याच्या दारात लेकरं आणि शेळ्या आहेत त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू की दिवा मालव, मला तारे बघायचेत?

"अक्का, हा उजेडाचा दोष आहे. मलाही दिसत नाही."

"तू माझी समजूत घालतोयस, बाळू."

"तुला अंधारात नेतो."

"आन् तिथंबी न्हाई दिसली म्हंजे?"

अंधारातही दिसली नाही तर अक्का लग्नाची तारीख पुढच्याच आठवड्यात आणील, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. म्हणून ठरवलं, तिला एकदाच न्यायचं, आणि जागा आधी मी पारखायची.

दुसऱ्या दिवशी भाचा दत्ता, म्हणजे वैशालीचा बाप, त्याच्या कोथिंबीर वाहायच्या पिकअपमधून मला पिंपळगाव जोग्याच्या धरणावर घेऊन गेला. ओतूरहून जवळ, रस्ता माळशेजचाच, गाडी पाण्याच्या काठापर्यंत जाते. सूर्य बुडाला आणि पाण्यात आधी व्याध उतरला. मग दक्षिणेला डोंगरावर टेकलेला अगस्त्य. मग मृगाचा पट्टा, वर आभाळात आणि खाली पाण्यात, असा दोन ठिकाणी. मी मान वर करून उभाच राहिलो.

दत्ता मात्र गाडीला पाठ लावून उसाकडं तोंड करून उभा. हातात जॅकचा दांडा.

"मामा, तुमी वर बघा. मी खाली बघतो. दोघांनी वर बघितलं तर कुणी उरायचं न्हाई."

तेवढ्यात जाळी आवरून निघालेला एक कोळी थांबला. "पावणं, काय हरवलं का?"

"तारा बघतोय."

"मग पाण्यात बघा की राव, मान तरी दुखायची न्हाई," असं म्हणून तो हसत गेला.

पण ईशान्येला घोटाळा होता. डोंगरउतारावर भाताच्या राबांसाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यांसाठी, पालापाचोळा भाजला होता आणि त्याचा धूर सप्तर्षींखाली पसरला होता. वसिष्ठ दिसला, पण पिंजलेल्या कापसासारखा. अरुंधतीचा पत्ता नाही. धुराला दोष देऊन जागा बाद केली. तुम्ही जाणार असाल तर दिवाळीनंतर लगेच जा, तेव्हा धूर नसतो. आणि एकटे बसू नका.

तिसऱ्या दिवशी आहुपे. लांब म्हणून ते मागं ठेवलं होतं, पण तिथला अंधार मी पूर्वी पारखलेला होता, म्हणून या वेळी अक्कालाही पिकअपमध्ये घेतलं. ओतूरहून जुन्नर, तिथून घोडेगाव. घोडेगावच्या स्टँडवर वैशाली उभी होती, कॉलेजातून मंचरमार्गे एसटीनं आलेली. डिंभ्याच्या पुढं रस्ता धरणाच्या पाण्याला वळसे घालत चढतो. खड्डे इतके की अक्का म्हणाली, "सहा म्हैनं कशाला, आजच नेतोय ह्यो." डिझेल घोडेगावातच भरून घ्या, पुढं पंप नाही.

गावात चिमाबाई नावाच्या बाईंच्या ओसरीवर टेकलो. नाचणीची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी आणि घरच्या तांदळाचा वास सुटलेला भात. माणशी पन्नास रुपये त्यांनी स्वतःच सांगितले, ते बरं वाटलं. आम्ही कशाला आलोय ते कळल्यावर त्या म्हणाल्या, "देवराईच्या पल्याड माळ हाय. तिथं आमचाबी उजेड पोचत न्हाई."

सह्याद्रीच्या कड्यापासून बरंच आत, सपाट माळावर घोंगडी अंथरली. विजेरीच्या काचेवर लाल पतंगाचा कागद बांधला होता, तीही विझवली. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो, तोवर मान वर करू नका असं मी सगळ्यांना बजावलं. वारा गार होता.

"आता बघा," मी म्हणालो.

काय सांगू! आभाळ वर नव्हतंच, ते आमच्या चहूबाजूंनी जमिनीला येऊन टेकलं होतं. मोठ्या ताऱ्यांना तर किरण फुटल्यासारखे दिसत होते. मृगापासून मिथुनाकडं कुणी जात्याभोवतीचं पीठ हातानं ओढत नेलं असावं तशी आकाशगंगेची फिकट रेघ. आपण घोंगडीवर बसलोय की आभाळाच्या काठावरून पाय सोडून, हेच कळेना. दत्तानं जॅकचा दांडा खाली ठेवला होता. वैशालीचा हात माझ्या दंडावर घट्ट होता, आणि तो थंडीमुळं नव्हता.

अक्का ईशान्येकडं बघत होती. मी दुर्बीण पुढं केली.

"नको. काच लावून बघितलेलं खरं न्हाई."

बराच वेळ गेला. मग तिनं हळू आवाजात विचारलं, "वैशे, वसिष्ठाच्या खालच्या अंगाला हाय का गं? जरा डावीकडं?"

"हो आजी! तिथंच आहे!"

"बारीक. लुकलुक न्हाई करत."

"हो, तीच!"

अक्कानं हात जोडले. "आली गं बाई. रुसली नव्हती." दत्ता मोठ्यानं हसला आणि त्यानं डोळे पुसले. वैशाली तर आजीच्या मांडीवर आडवीच झाली. मग अक्का माझ्याकडं वळली. "बाळू, बघ की. तुझ्यामुळं दिसली."

मी बघितलं. वसिष्ठ होता. त्याच्या कडा पसरलेल्या. डोळे मिचकावले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. इथं ना दिवा, ना धूर. दोष द्यायला काही शिल्लक नव्हतं.

"अक्का, मला नाही दिसत."

अंधारात अक्काचा चेहरा दिसत नव्हता, पण तिचा हात चाचपडत आला आणि माझं मनगट धरून बसला. पाच महिने स्वतःच्या मरणाची तयारी न डगमगता करणारी ती बाई. एका श्वासात म्हणाली:

"खोटं असतंय ते सगळं!"

"काय?"

"सहा म्हैनं न् फिहा म्हैनं! रिकामटेकड्यांनी उठवलेलं. तुझं डोळं बिघडल्यात. पुण्याला गेल्या गेल्या डॉक्टरला दाखव. ऐकलंस का?"

मांडीवरून वैशालीचा आवाज आला. "आजी, सगळंच खोटं असेल तर तारीख?"

"घाल चुलीत ती तारीख! परीक्षा दे आधी. हितं माझ्या भावाचं डोळं गेल्यात आन् हिला तारखेचं पडलंय."

त्यानंतर आम्ही बराच वेळ तिथंच बसून राहिलो. सिंह माथ्यावर सरकत होता आणि मृग कड्याकडं उतरत होता. अक्कानं माझं मनगट सोडलं नाही. परतताना पिकअपमध्येही नाही.

पुण्यात डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. माळावर ताऱ्यांना फुटलेले ते किरणही त्याचेच होते म्हणे. मला ते तेज वाटलं होतं. हे कळल्यावर त्या रात्रीचं आभाळ माझ्या लेखी कणभरही कमी झालं नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्याच्यावरच भिस्त ठेवून हे टाइप करतोय, चुका पोटात घाला. वैशालीचे पेपर चांगले गेले. लग्न आता तुळशीच्या लग्नानंतर.

अक्का रोज सकाळी फोन करून माझ्या डोळ्यांची चौकशी करते. काल मी म्हटलं, दुसऱ्या डोळ्याचं झालं की पुन्हा आहुप्याला जाऊ, आता मलाही अरुंधती दिसेल.

ती म्हणाली, "जाऊ की. पन तू त्या अंगाला मान वळवायची न्हाई. खोटं असतंय रे, मला ठावं हाय. पन बाकीचं आभाळ काय थोडं हाय व्हय?"