वॉर्डनच्या नादात गेलेली अखाजी

माझा पुतण्या ललित बंदुका जमवतो. खऱ्या नव्हे. खऱ्या बंदुकीचा बार ऐकला तर तो आईच्या पदराआड जाईल. दिवाळीत सुतळी बॉम्बची वात पेटवायला अजून शेजारच्या पोरांना हाक मारतो. ह्याच्या बंदुका कॉम्प्युटरच्या आत असतात आणि लाइट गेली की त्याही जातात. अशा शंभरावर बंदुका त्याच्यापाशी आहेत. वय वर्षं बत्तीस.

आमच्या इतवारा पेठेत त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, पोरांच्या परीक्षांचे अर्ज, असली कामं. त्याला साधा कॉम्प्युटर पुरला असता. पण माझा थोरला भाऊ सुकलाल वारला, केळीची जमीन बटाईनं दिली, आणि दुसऱ्याच वर्षी ह्यानं काचेच्या पोटाचा, आत लाल-निळे दिवे फिरणारा एक कॉम्प्युटर आणून बसवला. आईला सांगितलं, सरकारी साइट आता साध्या मशीनवर उघडतच नाही. सोजरवहिनींना पटलं. त्या माउलीला काहीही पटतं. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली आहे. पोरगं खोटं बोलायला तोंड उघडतं तेव्हाच मला कळतं. पण श्रीकांत मास्तरला विचारतो कोण?

शत्रूची माहिती असावी म्हणून मी त्याचा खेळ समजून घेतला आहे. गोळीबाराचा खेळ. शेवटी एक मोठा राक्षस असतो, त्याला ही मंडळी बॉस म्हणतात. ललितच्या बॉसचं नाव वॉर्डन. पडक्या तुरुंगाच्या तळघरात हातात कंदील घेऊन तो उभा असतो. लिफ्टनं खाली जायचं, त्याला मारायचं, तो कोसळला की त्याच्या अंगातून सामान सांडतं. प्रत्येक वस्तूवर उजेडाची एक रेघ उभी राहते. पांढरी, हिरवी, निळी असेल तर ललित ढुंकूनही बघत नाही, 'कचरा' म्हणतो. लाखात एखादी नारिंगी निघते, ती दुर्मिळ बंदूक. नारिंगी नाही निघाली की हा खेळातून बाहेर पडतो, पुन्हा आत शिरतो, आणि वॉर्डन पुन्हा जिवंत होऊन कंदील धरून उभा. दिवसातून शंभर वेळा हेच. ह्या उद्योगाला तो 'फार्मिंग' म्हणतो. शेती! सुकलालनं केळीच्या बागेत उभी हयात घालवली, त्यानंसुद्धा ह्या तोऱ्यात कधी शेतीचं नाव घेतलं नाही.

बरं, निघणं न निघणं सगळं नशिबावर. म्हणजे कौशल्याचा प्रश्नच मिटला. मग अंधश्रद्धा आल्या. एकदा मावा जलेबी खाताना नारिंगी रेघ निघाली, तेव्हापासून शनिवारी टेबलावर मावा जलेबी पाहिजेच, आणि तीही डाव्या हाताला. चपला टेबलाखाली उलट्या झाल्या तर तो दिवस वाया. पाठीमागं बाईमाणूस उभं राहिलं तर चालतं, पण छत्री घेऊन कुणी उभं राहायचं नाही. आणि कुणी म्हातारा कागद घेऊन दारात आला की हा मान न वळवता म्हणतो, "बाबा, सर्व्हर डाऊन आहे, चारला या." म्हातारा चारला येतो. सर्व्हर तेव्हाही डाऊनच असतो. माणसाला लाज वाटायला काहीतरी वय लागतं म्हणतात. ह्याचं ते वय येऊन गेलं आणि ह्याला कळलंही नाही.

एवढं असूनही मी त्याच्या वाटेला गेलो नव्हतो. गेलो तो ह्या वर्षीच्या अखाजीला.

आमच्याकडं अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली लेक माहेरी येते. ती आपणहून येत नाही, तिला आणायला माहेरचा माणूस जातो; तो मुराळी. पहिल्या अखाजीला तर सख्खा भाऊच लागतो. त्यानं दुपारच्या आत पोचायचं, पुरणपोळी आणि आंब्याचा रस जेवायचा, आणि उन्हं उतरली की बहिणीला घेऊन निघायचं. मुराळी आला नाही तर लेक येत नाही. कुणी शिक्षा करत नाही, पण गल्लीतल्या बाया विचारतात, आणि वर्षभर विचारतात.

ललितची धाकटी बहीण भूमिका माघात नेपानगरला दिली. ही तिची पहिली अखाजी. सण रविवारी, आणायला जायचं शनिवारी. वहिनींनी आठ दिवस आधी अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधून ठेवला होता. चंदन म्हणून ललितचा एक मित्र आहे, त्यानं आपली गाडी सकाळी नवालाच दुकानासमोर आणून लावली होती. दहा वाजता वहिनींचा मला फोन.

"भाऊजी, तो दुकानातून उठून नाही राहिला. तुम्ही जाऊन त्याले उठवा. पोरगी सकाळपासून बॅग भरून बसली आहे."

मी गेलो. शटर अर्धं खाली. आत पंख्याखाली आमचे वीर बसलेले, कानांवर ते मोठे डबे, टेबलावर मावा जलेबी.

"ऊठ," मी म्हणालो.

"काका, या ना, बसा. आज इव्हेंट आहे. चान्स डबल करून दिला कंपनीनं, दुपारी तीनपर्यंतच. ग्रेव्हसिंगर निघते फक्त आजच."

ग्रेव्हसिंगर म्हणजे थडग्यावर गाणारी. सणासुदीला घरात आणायला काय नाव!

"आणि तुझी बहीण?"

"तिले सांगितलं ना मी फोनवर. बंदूक निघाली की निघतो. नेपानगर काय लांब आहे? पाऊण घंट्याचा तर रस्ता. काका, कसम से, दहा मिनट."

मला बटण बंद करता आलं असतं. तसं मनातही आलं. पण मास्तरांची एक खोड असते, पोराला उठवण्याआधी चार शब्द सुनावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी खुर्ची ओढून बसलो आणि सुरुवात केली. म्हणालो, सुकलालचं नाव काढलंस. म्हणालो, ह्या राक्षसाला जेवढ्या वेळा मारलंस तेवढे अर्ज भरले असतेस तर इतवारा तुला खांद्यावर घेऊन नाचला असता. तो "हां काका, हां काका" करत गोळ्या झाडत होता. वॉर्डन पडत होता, कचरा निघत होता, पुन्हा लिफ्ट. मी बोलत होतो आणि बघतही होतो, कारण डोळे दुसरीकडं लावायला त्या खोपटात जागाच नव्हती.

आठव्या की नवव्या फेरीला माझ्या लक्षात आलं की हा गाढव राक्षसाच्या डोक्यावर गोळ्या वाया घालवतोय. कंदिलाला चुकून गोळी लागली की राक्षस लडखडतो. मी सहज बोललो, "अरे मूर्खा, कंदिलावर मार ना. तिथं दुखतंय त्याला."

त्यानं कंदिलावर मारलं. वॉर्डनला पडायला दीड मिनिट लागायचं, तो अर्ध्या वेळात आडवा. ललितनं कानांवरचे डबे काढले आणि माझ्याकडं वळून बघितलं.

"काका! तीन महिन्यांपासून खेळून राहिलो मी. हे तुम्हाला कसं दिसलं?"

छत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं माझ्याकडं त्या नजरेनं बघितलं नव्हतं. खरं लिहितो, मला फार बरं वाटलं. मी म्हणालो, "बघ पुढं. आणि डावीकडून जा, तिकडं तो उशिरा वळतो."

त्यानंतरचं सांगायला मला जड जातं. बारा वाजून गेले ते मला कळले. एक वाजला तोही कळला. ललितचा फोन दोनदा वाजला, त्यानं तो पालथा घातला; मी त्याला "उचल रे" म्हणालो, पण ते मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो. कागद घेऊन एक बाई शटरखाली वाकली. तिला "सर्व्हर डाऊन आहे, बाई" हे कोण म्हणालं असेल? मी म्हणालो. अगदी त्याच्याच सुरात.

पावणेदोनला माझ्या खिशातला फोन वाजला. भूमिकाचं नाव होतं. वॉर्डन गुडघ्यावर आला होता, आणखी चार गोळ्या, फार तर पाच. मी मनात म्हटलं, हा पडला की लगेच लावतो. आणि फोन कापला. तो पडला, कचराच निघाला, आणि मी फोन लावायचा विसरलो.

दोन चाळीसला नारिंगी रेघ उभी राहिली. आम्ही दोघंही ओरडलो. बाहेर चंदन दचकून गाडीतून उतरला, त्याला वाटलं आत शॉक लागला कुणाला.

नेपानगरला पोचायला चार वाजायला आले. वाटेत ललित गुणगुणत होता आणि मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. भूमिकाचे सासरे ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी "या" म्हटलं आणि पेपरच वाचत राहिले. सासूबाई आदबीनंच बोलल्या.

"बारा वाजेपासून वाट पाहून राहिलो होतो आम्ही. समोरची सून तर दहालाच गेली माहेरी. भूमिका म्हणे, तुमची गाडी पंक्चर झाली. झालं का मग काम?"

"झालं," मी म्हणालो.

दारामागं बॅग उभी होती. तिच्यावर नवी पर्स, पर्सवर रुमाल. आम्हाला पाटावर बसवलं, झाकून ठेवलेलं ताट उघडलं. पोळ्या गार झाल्या होत्या. भूमिका वाढायला आली, नवी साडी नेसलेली, डोळे सुजलेले. सासूबाई आत गेल्यावर तिनं हळूच विचारलं,

"निघाली का दादा, तुझी बंदूक?"

"निघाली ना!" ललित एवढ्या आनंदानं बोलला, जणू तिलाच भेट आणली आहे. ह्या माणसाला प्रश्नातला विखार कळायला दुसरा जन्म घ्यावा लागेल.

"मग तिलेच घेऊन जा अखाजीला," भूमिका म्हणाली. "आईले सांग, झोक्यावर तिले बसव."

ललितचा घास हातातच राहिला. "असं काय करून राहिली? चल ना. उशीर झाला, सॉरी ना."

"चार घंटे मी ह्या घरात खोटं बोलले. पंक्चर झालं, मग मेकॅनिक नाही मिळाला, मग ट्रॅफिक. नेपानगरच्या रस्त्यावर ट्रॅफिक! सासूबाई हसल्या पण नाहीत, फक्त मान हलवली. आता मी तुमच्यासोबत हसत गाडीत बसू? नाही येत मी." मग ती माझ्याकडं वळली. "काका, तुम्हालाही फोन लावला होता. कट झाला."

मी ताटाकडं बघितलं.

"काकांचा फोन माझ्याजवळ होता," ललित म्हणाला. "मीच कट केला. काका तर सकाळपासून ओरडून राहिले होते माझ्यावर. उठ, उठ. मीच नाही उठलो."

भूमिकानं त्याच्याकडं बघितलं, त्या नजरेला मी इथं शब्द देत नाही. तिनं बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग हँगर अडकवल्याचे. थोड्या वेळानं ती गरम पोळी घेऊन बाहेर आली आणि ती ललितला न वाढता माझ्या ताटात वाढली.

"तुम्ही तरी नीट जेवा, काका. तुमची काय चूक."

ती पोळी मी खाल्ली. पानात टाकली असती तर तिला वाईट वाटलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा वहिनी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या, लेकीवरून ओवाळून टाकायला. आम्ही दोघं उतरलो. त्या गाडीच्या मागच्या काचेतून आत बघत राहिल्या. ललित म्हणाला, "आई, मी उशीर केला. ती नाही आली." वहिनींनी तांब्या ओट्यावर ठेवला आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला, बत्तीस वर्षांच्या पोराला, भर गल्लीत. त्यानं मान खाली घालून तो खाल्ला. मग वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही होते म्हणून निदान गेला तरी. नाहीतर ह्यानं तेवढंही नसतं केलं."

मी "असू द्या वहिनी" म्हणालो.

त्या आता चार बायांत हेच सांगतात. भाऊजींनी सकाळपासून घसा फोडला, पण पोरगंच तसलं. गल्लीत मला मान आहे, ललितला नाही, आणि तसंच असायला हवं असं मी अजूनही म्हणतो. तो नालायक आहे, आळशी आहे, त्याच्या दुकानातून म्हातारे परत जातात. पण वहिनी असं सांगत असताना तो कधीकधी तिथंच बसलेला असतो, सगळं ऐकतो, माझ्याकडं बघतसुद्धा नाही, आणि एक अक्षर बोलत नाही. त्या नालायकाचा एवढा उपकार माझ्यावर आहे, आणि मला तो पचत नाही.