दोन कार्बोरेटर आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू

माझी मोटरसायकल सहा वर्षं आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कापडाखाली उभी होती. दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, लाल टाकीची. पहिल्या नोकरीत घेतली तेव्हाच ती जुनी होती, पण तिच्या पुढे जाणारी गाडी क्वचितच भेटायची. मग माझ्या पाठीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी बंदी घातली आणि ती उभी राहिली ती राहिलीच. गेल्या हिवाळ्यात बंदी उठली. कापड काढलं, किका मारून मारून दमलो. गाडी ढिम्म.

शनिवार पेठेतल्या माझ्या जुन्या मेकॅनिकने दोन्ही कार्बोरेटर काढले. हवेत मोजकं पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजायचं एवढंच कार्बोरेटरचं काम, आणि हिला प्रत्येक सिलिंडरला एक असे दोन. आतलं पेट्रोल आटून त्याचा तपकिरी चिकट थर बसला होता. त्याने एका जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, तार घालून पाहिली आणि मान हलवली. "टाकून द्या. नवीन बसवू."

नवीन बसवले. गाडी एका सिलिंडरवर सुरू झाली. दुसरा त्याच्या मनात येईल तेव्हा पेटायचा. सिग्नलला थांबलं की बंद.

एका रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये ते नवीन कार्बोरेटर उघडून बसलो होतो. जुने शेजारी वर्तमानपत्रावर पडले होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन आल्या. सत्तरीच्या, ताठ, एकट्या राहणाऱ्या. इतक्या वर्षांत आमचं बोलणं पार्किंग आणि धूर या दोन विषयांपलीकडे गेलं नव्हतं.

"आजही धूर करणार का?"

"सुरूच होत नाही, काकू."

"वा. म्हणजे देव आहे."

त्या जिन्याकडे वळल्या आणि थांबल्या. पिशवी खाली ठेवली, वाकून जुन्यांपैकी एक कार्बोरेटर उचलला आणि हातात फिरवला. त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"ह्याच्यात तार कुणी घातली?"

"मेकॅनिकने. का?"

"पितळेच्या जेटमध्ये तार घालतात का? भोक जरा मोठं झालं की संपलं. दोन्ही घेऊन वर या. आणि हात धुऊन या."

वर गेल्यावर कळलं. काकूंनी सव्वीस वर्षं पिंपरीकडच्या एका कारखान्यात कार्बोरेटर जोडले आणि तपासले होते. ओळीने पंचवीस-तीस बायका बसायच्या, प्रत्येकीसमोर दिवा आणि भिंग. मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. धुराबद्दल माझ्याशी भांडणाऱ्या बाईंच्या हातून आयुष्यभर हेच गेलं होतं!

त्यांनी ताटात सुटे भाग मांडले ते न बघता, मटार सोलावेत तसे. दोन दिवस सगळं साफ करायच्या द्रवात भिजत ठेवलं. मी मध्येच विचारलं, "झालं असेल का?" तर म्हणाल्या, "भात आहे का तो?" मग ब्रशचा एकेक मऊ केस घेऊन त्यांनी एकेक वाट मोकळी केली. एका टोकाला मी सायकलच्या पंपाने हवा मारायची, दुसऱ्या टोकाला त्यांनी ओलं बोट धरायचं.

"येतेय?"

"थोडी. अजून अडकलंय काहीतरी."

तार लागलेला जेट त्यांनी बाजूला काढला आणि मला तसाच नवीन आणायला लावला. नव्या जेटवरचा भोकाच्या मापाचा आकडाही भिंगाखाली वाचून घेतला. मग जुन्यांतला साफ झालेला सर्वांत बारीक जेट माझ्या हातात देऊन त्यांनी मला गॅलरीत पाठवलं. "उजेडाकडे धरून बघा."

मी बघितलं. केसाएवढ्या भोकात एक गोल, लख्ख ठिपका होता, सकाळच्या आभाळाचा. त्याची कड कुठेही तुटलेली नव्हती. पंचवीस वर्षं मी ही गाडी हाकत होतो, घाटात तिच्यावर जीव टाकत होतो, आणि सिग्नलला उभी असताना तिचा श्वास ह्या एवढ्याशा जागेतून चालायचा हे मला माहीत नव्हतं. 

पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट त्यांनी नुसत्या नजरेने बसवला. मी गुपचूप मोजपट्टी लावली. गाडीच्या पुस्तकात एकवीस मिलिमीटर दिले होते. दोन्हीकडे एकवीस.

"मोजलंत?" त्या पाठमोऱ्या म्हणाल्या. "बरं केलंत. माझा तरी कुठे विश्वास होता."

तेच जुने कार्बोरेटर मी गाडीवर चढवले. दोन्हींच्या आतल्या झडपा एकाच क्षणी उठल्या पाहिजेत, नाहीतर एक सिलिंडर पुढे आणि एक मागे. काकू स्टुलावर बसल्या, दोन्हींच्या तोंडात एकेक बोट घातलं आणि डोळे मिटले.

"मूठ पिळा हळूच. डावा आधी उठतोय. परत. आता उजवा. केबल अर्धा आटा सोडा. परत... हां."

तिसऱ्या किकला गाडी पेटली, दोन्ही सिलिंडरवर. धूर झालाच. काकू मागे सरकल्या नाहीत. हात टाकीवर ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?"

"सव्वीस वर्षं केलं हे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नुसत्या हवेवर तपासायचे. आपल्या हातचा, इंजिनावर लावलेला कधी ऐकलाच नव्हता मी."

 मग त्यांनी पदर खोचला. "आता ही जाते कुठवर ते दाखवा."

बायकोचं हेल्मेट आणलं. काकू एका बाजूला पाय सोडून बसल्या, आणि आम्ही कात्रजचा घाट चढायला लागलो. मी जपूनच चालवत होतो, पण शेवटच्या वळणानंतर सरळ रस्ता आला तेव्हा मूठ पिळली. गाडी अशी उचलली गेली की माझाच श्वास अडकला. पाठीमागून ऐकू आलं, "अगं आई गं!" आणि मग हसू. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

जुन्या बोगद्याच्या अलीकडे थांबलो. खाली सगळं शहर पसरलं होतं. काकू कठड्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "खोक्यात भरला की संपलं, असंच वाटायचं. पुढचा यायचाच ना लगेच."

खालून एक जुनाट मोटरसायकल दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून धापा टाकत चढत आली आणि आमच्यासमोरून गेली.

"त्याचा कार्बोरेटर आमच्याकडचाच असणार," काकू म्हणाल्या.

"आवाजावरून कळतं?"

"छे हो. पण असेल."

दूधवाला बोगद्यात शिरून दिसेनासा होईपर्यंत त्या मान वळवून बघत राहिल्या.